दुसरीनं सांगायचा आकडा

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६
उपाशी साखर १६८. रात्रीचं इन्सुलिन २२ युनिट.

नवी नोकरी, नवी वही. वही दवाखान्याचीच आहे, पेशंटना रोजची साखर लिहायला देतात ती. वर दोन रकाने आणि खाली ‘इतर नोंदी’ म्हणून भरपूर रिकामी जागा. इथले डॉक्टर मिहिर सर, त्यांनी रुजू होतानाच हातात ठेवली आणि म्हणाले, तुम्हीही आमच्या पेशंटच. खोटं नाही. अकराव्या वर्षापासून पोटात सुया टोचून घेतेय, सव्वीस वर्षं झाली. तेव्हा वर साखर लिहीन आणि खाली मनातलं. साखर खरी लिहायची असं आज तरी ठरवलंय. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी बसून एकाच पेनानं महिन्याभराचे ११० आणि १२० लिहून काढणारे पेशंट मी खूप पाहिलेत. मीही त्यातलीच, म्हणून ती लबाडी मला लांबून ओळखू येते.

दवाखाना मुलुंड पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो. घाटकोपरहून एकच बस, बसायला जागा मिळाली तर झकास. माझं काम एज्युकेटरचं, म्हणजे पेशंटना इन्सुलिन घ्यायला शिकवायचं. सर या कामाला इन्सुलिनवर असलेलीच माणसं घेतात. ज्याला टोचायची सवय आहे त्याचंच पेशंट ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यात पहिल्यांदा या आजारामुळे मला काहीतरी मिळालं. येताना बसमध्ये एकटीच हसत होते.

इथलं मोठं आकर्षण म्हणजे एआय. सगळे त्याला नुसतं ‘यंत्र’ म्हणतात. इन्सुलिनवरच्या पेशंटची साखर आणि हृदयाचे ठोके चौदा दिवस बघत ते वेळोवेळी शंभरातला एक आकडा देतं. जितका मोठा आकडा तितका हृदयाला धोका. जुना मधुमेह नसा बधिर करतो. हृदय दमलं तरी छातीत कळ येईलच असं नाही, साखर फार उतरली तरी हातपाय कापतीलच असं नाही. अंग जे सांगत नाही ते यंत्र सांगतं.

दुसरी एज्युकेटर शीतल. माझ्याहून एक वर्षानं लहान, पंचवीस वर्षं इन्सुलिनवर. आल्या आल्या मला अगंतुगं, मला बरं वाटलं. पर्समध्ये ठेव म्हणून खडीसाखरेची छोटी डबी दिली, साखर उतरली तर उपयोगी पडते. मग इथल्या पद्धतीप्रमाणे आम्ही एकमेकींना यंत्राचा संच लावला. दंडाच्या मागे साखरेची चकती, छातीवर ठोक्यांची पट्टी, दोन्ही चौदा दिवस अंगावर. पेशंटला लावायच्या आधी हात बसावा म्हणून ही रीत. दोघींनी एकेक खोकं फोडलं. मी माझ्यातली चकती तिच्या दंडावर नुसती टेकवली. ती म्हणाली, बिनधास्त टोच गं, मला काय नवीन आहे. मग तिनं तिच्यातली मला लावली. पट्ट्यांचंही तसंच. शेवटी जिनं तिनं आपल्या खोक्यावरचा स्टिकर सोलून आपल्या फायलीला चिकटवला. माझा ३०८६, तिचा ३०४१. यंत्र माणसाला त्या नंबरानंच ओळखतं.

सरांचा एक नियम मला फार आवडला. स्वतःचा आकडा स्वतः बघायचा नाही. माणूस एकतर घाबरतं, नाहीतर स्वतःची समजूत काढतं. आकडा माणसानं माणसाला सांगायचा. म्हणून शीतलची फाइल माझ्या टॅबवर आणि माझी तिच्या.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
उपाशी १६१. इन्सुलिन २२.

आज भीमराज काका पेढे घेऊन आले. मधुमेहाच्या दवाखान्यात पेढे! मरोळच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. गेल्या महिन्यात यंत्रानं त्यांना ८२ दिला तेव्हा ते हसत होते म्हणे, मला काहीच होत नाही म्हणून. शीतलनं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं आणि थेट हॉस्पिटलात नेलं. हृदयाच्या दोन नळ्या बंद निघाल्या. आज काका तिच्यासमोर हात जोडून रडले. सर कौतुकानं बघत होते, सोनूबाई झाडू हातात धरून उभी राहिली. मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी शीतलची वही चाळली. ९६, १०२, ९९. पेन रोज वेगळं, म्हणजे आकडे खरे. डोळे चांगले, किडनी चांगली, नवरा सुयोग डबा पोचवायला वर येतो, मुलगी पहिलीत आहे. मला बोरिवलीचं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं पाणी घ्यायला फ्रिज उघडला, दारात इन्सुलिन दिसलं आणि मंडळी चहाला न थांबता निघाली. त्यानंतर आईनं विषय काढला नाही.

मला हेवा वाटतो, लिहूनच टाकते. इतरांचं सुख बघून मला काही होत नाही, त्यांचं नशीब वेगळं म्हणून सोडून देते. पण हिचं नशीब वेगळं नाही. हिलाही तोच आजार, तीच सुई, जवळजवळ तेवढीच वर्षं. मग माझंच सगळं का हुकलं, याला काही उत्तर उरत नाही.

रात्री दोन युनिट जास्त घेणार आहे. सकाळी मलाही ९६ बघायचाय.

बुधवार, ४ फेब्रुवारी
उपाशी १४३. इन्सुलिन २४.

आज पहिले आकडे आले. शीतल टॅब छातीशी धरून धावत आली आणि म्हणाली, ‘सहा गं जयू, फक्त सहा! सव्वीस वर्षांनंतर सहा, पार्टी पाहिजे यार.’ कुठल्याही रिपोर्टनं मला आजवर शाबासकी दिलेली नाही.

मग तिनं स्वतःचा विचारला. मी टॅब उघडला. एकतीस, पिवळ्या रंगात.

मी म्हणाले, ‘नऊ.’

का म्हणाले ते घरी येईपर्यंत शोधत होते. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं बसमध्ये ठरवलं होतं. ते खरं नाही. एकतीस कळला असता तर तिनं तो सुधारला असता. ती सगळंच सुधारते. सरांनी तिच्यासाठी धावपळ केली असती, सुयोगनं रजा टाकली असती, महिन्याभरात तिनं पुन्हा पेढे खाल्ले असते. तिच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट अशी आहे की जिथं मी पुढे आहे. चार दिवस माझ्याकडे राहू दे. एकतीस काही मोठा नाही, सांगेन.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
उपाशी ११८. इन्सुलिन २७.

वाढवायला काय हरकत आहे? यंत्रच म्हणतंय माझं हृदय ठणठणीत आहे. आज शीतलनं माझा पाच सांगितला. तिचा चव्वेचाळीस.

मी नऊ सांगितला. ती म्हणाली, मी म्हणजे सरकारी घड्याळ, हलतच नाही. मी तिच्याबरोबर हसले.

दिवसभर तिला न्याहाळत होते. गाल लाल, चाल भरभर, तिसऱ्या मजल्यावर जिन्यानं येते. आतून पोखरलेलं कुणालाच दिसत नाही, फक्त मला माहीत आहे. एखाद्याच्या घरात न सांगता फिरून यावं तसं वाटतं. सर संध्याकाळी परिषदेसाठी बाहेरगावी गेले, सोमवारी सोळाला येतील. तोवर इशारे माझ्या टॅबवर.

आई म्हणाली, ‘जयू, तुका इतको घाम कित्याक सुटता गो?’ उकडतंय म्हटलं. फेब्रुवारीत इतकं उकडत नाही हे तिलाही माहीत आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी
उपाशी ८८. इन्सुलिन ३०.

अठ्ठ्याऐंशी! तिच्यापेक्षा कमी. मी वही तिच्यासमोर उघडी टाकून ठेवली. तिनं बघितली आणि कौतुक करायच्या ऐवजी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, एवढ्या पटकन खाली आणू नकोस, उतरलेली तुला कळते का अजून? मी म्हटलं, कळते. कळत नाही, पाच वर्षं झाली. पण मला शिकवणारी ही कोण? हिला माझी बरोबरी सहन होत नाही, दुसरं काय.

दुपारी खडीसाखरेची डबी सोनूबाईच्या नातीला देऊन टाकली. शीतलची कुठलीही वस्तू मला पर्समध्ये नको.

तिचा एकोणसाठ.

मंगळवार, १० फेब्रुवारी
उपाशी ७४. इन्सुलिन ३२.

बस लवकर सोडून थोडं चालत आले. शीतल चालते, मग मी का नको. पूल चढताना मध्येच थांबावं लागलं. जबडा दुखतोय, दाढ असेल.

काल रात्री वाढवलं आणि आज तिचा वर गेला. सहासष्ट. परवाही तसंच झालं होतं. मी सुधारतेय आणि ती बिघडतेय, जसं काही एकच तराजू आहे आणि आम्ही दोघी दोन पारड्यांत. वेडगळ विचार आहे, पण गोड आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी
उपाशी ६७. इन्सुलिन ३३.

अकरा वाजता टॅब लाल झाला. शीतल, अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरच्या वर इशारा येतो. स्क्रीनवर प्रश्न: पेशंटला कळवलं का? होय. नाही. ‘होय’ दाबलं की नाव सरांच्या यादीतून जातं. ‘नाही’ दाबलं की सरांना फोन.

ती समोरच्या खोलीत एका आजींना सुई धरायला शिकवत होती. दार उघडं होतं. दहा पावलं.

होय दाबलं. खाली लिहून आलं, कळवणारी: जयंती.

नंतर ती आली, आजींनी दिलेली चिक्की अर्धी मोडून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, आज किती? नऊ म्हटलं. चिक्की घेतली नाही, साखर वाढेल म्हणून. मनात आलं ते लिहिते, ही वही दुसरं कोण वाचणार. मनात आलं की तिला कळलं तर आजारपणातही तीच पहिली येईल. सगळा दवाखाना हॉस्पिटलात उभा राहील, काका रडतील. मला झालं तर कोण येईल, आई आणि मी.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
उपाशी ६१. ३४.

त्र्याऐंशी. होय.

सोनूबाईनं विचारलं, अगं बाय, ओली कशी झालीस. पदरानं मान पुसली माझी. डावा हात जड वाटतो, पिशवी त्याच हातात असते म्हणून.

शीतलनं आज माझा पाच सांगताना पाठ थोपटली. म्हणाली, तुझा कधी मोठा आला ना, तर तुला उचलून नेईन मी हॉस्पिटलात, भीमराज काकांसारखी. मला एकदम रडू आलं. का आलं माहीत नाही. बाथरूममध्ये जाऊन आले.

उद्या सांगावं का? खरा आकडा सांगूनच टाकायचा. पण दोन दिवसांचे ‘होय’ दिसतील. सर विचारतील, मग कळवलं होतंस म्हणजे काय केलं होतंस? नोकरी जाईल. दोन आठवडेही झाले नाहीत अजून.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
५८. ३४.

ऐंशी. होय. दुपारी पुन्हा लाल, अठ्ठ्याऐंशी. होय.

आज एका पेशंटचं नाव विसरले. समोर बसला होता, फाइल हातात होती, तरी वाचता येईना. शीतलनं सांभाळून घेतलं. अर्थात.

भीती वाटायला लागलीये. तिच्यासाठी. तिच्यासाठीच. ती जिन्यानं खाली गेली तेव्हा मी कठड्यावरून वाकून बघत होते, मधेच पडते की काय. पडली नाही. मला हायसं वाटलं का? थोडंसं वाईटही वाटलं. हे लिहिताना हात कापतोय आणि तो साखरेनं कापत नाहीये, मला माहीत आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी
५४. रात्रीचं — घेतलं, किती ते लिहायचं राहिलं.

सकाळी पेशंटचा मेळावा. इन्सुलिनवर पंचवीस वर्षं म्हणून शीतलचा सत्कार. सव्वीस माझी आणि शाल तिला. मी शेवटच्या रांगेत बसले होते. तिनं शाल घेतली, माइक धरला आणि म्हणाली, ‘माझ्यापेक्षा एक वर्ष सीनियर इथं बसलीये. जयू, वर ये.’ हात धरून मला वर नेलं. शाल माझ्या खांद्यावर टाकली. लोक उभे राहिले.

दानसुद्धा हिनंच करायचं. चार पायऱ्या उतरून खाली आले तेव्हा श्वास पुरत नव्हता, आणि आधी वाटलं रागानंच.

नंतर मात्र — तिचा हात गरम होता. एवढंच आठवतंय. त्या हाताची मालकीण कुठल्याही क्षणी पडेल आणि ते फक्त मला ठाऊक आहे.

उद्या सांगते. आजच रिपोर्ट आला असं सांगेन. उद्या चौदावा दिवस, शेवटचा रिपोर्ट निघतोच. किल्ली माझ्याकडे आहे, उद्या जाऊन छापते आणि ते ‘होय’ पुसता येतात का बघते. मग फोन करते. तिनं हॉस्पिटलात जावं. जगावं तिनं. मला आता नको आहे हे.

रविवार, १५ फेब्रुवारी
उपाशी — मोजली नाही.

महाशिवरात्र. आई देवळात, फोन घरीच ठेवून गेली. मीही काही खाल्लं नाही. उपासाचं म्हणून नाही, गिळवत नव्हतं. दुपारचे साडेबारा. इमारतीत कुणी नाही, खालची दुकानं बंद. जिना चढायला खूप वेळ लागला. तीनदा बसले.

‘होय’ पुसता येत नाहीत. चारच्या चार, माझ्या नावासकट.

शीतल, ब्याण्णव.

रिपोर्ट छापायला लावलाय. तोवर चकती काढते, चौदा दिवस झाले, ज्या खोक्यातली त्यातच घालून परत पाठवायची असते.

चकती काढली. मागे बारीक अक्षरात नंबर आहे.

३०४१.

माझ्या फायलीवर ३०८६. परत बघितलं. ३०४१ शीतलच्या फायलीवर. तिचं खोकं तिच्या कप्प्यात — ३०४१.

माझ्यातली मी तिला लावली. तिच्यातली तिनं मला. आणि स्टिकर मात्र आपापल्या फायलीला.

पट्टी अजून छातीवर आहे. टॅबवर शीतलच्या नावाखाली ठोक्यांची रेषा चाललीये. बोटानं पट्टीवर टकटक केलं.

रेषा उडाली.

पुन्हा केलं. पुन्हा उडाली.

तो सहा तिचा होता. पाचही तिचा. एकतीस माझा, चव्वेचाळीस, अठ्ठ्याहत्तर — मी वाढवत गेले म्हणून तो — मला कुणी कळवलं नाही. मीच कळवलं नाही. पहिल्याच दिवशी ‘एकतीस’ म्हटलं असतं तर तिनं तपासून घेतलं असतं, चूक तेव्हाच सापडली असती. ती सगळं सुधारते.

त्र्याण्णव.

दुखत नाहीये. काहीच दुखत नाही. हे आम्ही पेशंटना शिकवतो.

साखर मोजली, ३८. पर्समध्ये डबी — दिली. कप्पे बघितले. बिस्किटं नाहीत, चहाची साखर सोनूबाईच्या कपाटात, कुलूप.

१०८ लावला. लागला. पत्ता विचारला. मुलुंड म्हटलं. इमारतीचं नाव — रोज वाचते ते — आलं नाही. हातातून सुटला फोन.

लिहिता येतंय. बटणं दाबता येत नाहीत, पण लिहिता येतंय. आश्चर्य.

शीतलला लावला. चौथ्या वेळी बरोबर लागला. मागे घंटा वाजत होत्या. ती म्हणाली, ‘बोल गं जयू. आज शेवटचा ना, किती आला माझा?’

सांगायचं होतं, तुझा नाही, माझा, ये. जीभ जड. या प्रश्नाला इतके दिवस एकच उत्तर दिलंय, तोंडाला तेच वळण.

‘नऊ,’ मी म्हणाले.

ती म्हणाली, झकास. रांगेत आहे, नंतर करते. ठेवला.

शहाण्णव.

परत लावते. हिरवं कुठलं — टॅब लाल झालाय. विचारतोय, पेशंटला कळवलं का.

नाही. ‘नाही’ दाबायचं. बोट ‘होय’वरच जातंय की — 

शीतल, नऊ नाही गं. तो माझा आहे, आणि तो